फुलांचा ‘स्व’ आणि माणसांचे गोत्र

उपमेची चार अंगे आपण वर्षानुवर्षे फळ्यावर लिहीत आलो आहोत: उपमेय, उपमान, साधारणधर्म आणि वाचकशब्द. यांपैकी साधारणधर्म गाळलेला असेल तर ती धर्मलुप्ता उपमा, हेही विद्यार्थ्यांना सांगून झालेले असते. कवितेत धर्मलुप्ता उपमेचे सौंदर्य असे की गाळलेली जागा वाचक आपल्या मनाने भरून काढतो. वैचारिक गद्यात मात्र हीच गाळलेली जागा धोक्याची ठरते; कारण तेथे वाचक काय भरणार हे लेखकाने आधीच ठरवून ठेवलेले असते, आणि ते तपासण्याची वेळ तो येऊ देत नाही.

‘निसर्गातही सगोत्र विवाह निषिद्ध आहे’ हे विधान अशा उपमांपैकी एक आहे. व्याख्यानांत, दिवाळी अंकांतील लेखांत, संस्कृतीविषयीच्या चर्चांत ते निरनिराळ्या रूपांत भेटते. फूल स्वतःचा पराग स्वीकारत नाही, परका स्वीकारते. म्हणजे पूर्वजांनी गोत्राचा नियम केला तो निसर्गाचे निरीक्षण करूनच, असा एकूण आशय. विधानाला विज्ञानाचा सुगंध असतो, त्यामुळे साहित्याचे विद्यार्थी त्यापुढे सहसा माना डोलावतात. ‘तो आपला विषय नाही’ असे म्हणून आपण अध्यापकही गप्प बसतो. माझ्या मते तो आपलाच विषय आहे. उपमान वनस्पतिशास्त्रातून आलेले असले तरी उपमा तपासणे हे भाषेच्या अभ्यासकाचे काम आहे. मात्र त्यासाठी उपमानाची नीट माहिती करून घ्यावी लागेल.

फुलात घडते ते असे. सपुष्प वनस्पतींपैकी बहुतेकींच्या एकाच फुलात पुंकेसरही असतात आणि स्त्रीकेसरही. आपलाच पराग आपल्याच कुक्षीवर पडणे ही त्यामुळे नित्याची गोष्ट आहे. तरीही सुमारे निम्म्या सपुष्प वनस्पतींत अशा परागापासून बी धरत नाही. आपल्याकडच्या डोंगराळ भागात घेतला जाणारा कारळा, ज्याला कुठे खुरासणी म्हणतात, त्यांपैकीच एक. कारळ्याचे एकटे रोप कितीही फुलले तरी त्याला बी जवळजवळ धरत नाही. शेजारी दुसरी रोपे लागतात आणि मधमाश्याही लागतात.

चार्ल्स डार्विनने स्वपरागण आणि परपरागण यांची तुलना करणारा आपला ग्रंथ १८७६ साली प्रसिद्ध केला. अनेक वर्षांच्या प्रयोगांवर आधारलेल्या या ग्रंथात त्याने या वनस्पतींचाही विचार केला आहे. त्या काळी या गुणधर्माला जो शब्द रूढ होता त्याचे मराठी ‘स्ववंध्यत्व’ असे होईल. पुढे शास्त्रज्ञांनी तो बाजूला सारून ‘विसंगती’ या अर्थाचा शब्द स्वीकारला. आज आपण ‘स्व-विसंगती’ असे म्हणू शकतो. हा बदल केवळ परिभाषेचा नाही. ‘वांझ’ या शब्दाने मराठीत बाईच्या वाट्याला काय काय आणले ते आपल्या ओव्यांपासून कादंबऱ्यांपर्यंत सर्वत्र नोंदलेले आहे. येथे तर पराग निरोगी असतो, बीजांडही निरोगी असते. वांझपण कोणाकडेच नसते; असतो तो एक नकार, आणि तो वाटेतल्या एका ठरावीक जागी दिला जातो.

याचा एक सुंदर पुरावा भारतात मिळाला. दिल्ली विद्यापीठात पंचानन माहेश्वरी यांच्या परंपरेत वनस्पतींच्या भ्रूणविज्ञानाचे मोठे काम झाले. त्याच परंपरेतील एन. एस. रंगस्वामी आणि के. आर. शिवण्णा यांनी १९६७ साली पेट्युनियाच्या एका स्व-विसंगत जातीवर प्रयोग केला. कुक्षी आणि कुक्षीवृंत हा नेहमीचा मार्ग टाळून त्यांनी फुलाचा स्वतःचा पराग उघड्या केलेल्या बीजांडांशेजारी थेट ठेवला. बी धरले. दरवाजा चुकवून घरात शिरलेल्याला घरात कोणीच अडवले नाही.

आता या नकाराचा नियम पाहू. १९२५ साली ई. एम. ईस्ट आणि ए. जे. मँगल्सडॉर्फ यांनी तंबाखूच्या वर्गातील झाडांवरून तो मांडला. झाडाच्या गुणसूत्रांवर एक विशिष्ट स्थान असते. त्याला ‘एस’ म्हणतात. या स्थानावरचे जनुक अनेक पर्यायी रूपांत आढळते: एस-१, एस-२, एस-३ अशी ही रूपे पुष्कळदा डझनावारी असतात. प्रत्येक झाडात त्यांपैकी दोन, एक आईकडून व एक बापाकडून आलेले; परागकणात मात्र एकच. परागातील रूप कुक्षीच्या दोन रूपांपैकी एकाशीही जुळले, तर परागाची वाट बंद. जुळले नाही तर वाट मोकळी.

हा नियम हातात घेऊन गोत्राची उपमा तपासू. समजा, आई एस-१ व एस-२ बाळगणारी आणि बाप एस-३ व एस-४ बाळगणारा. त्यांची संतती चार प्रकारची होईल: १-३, १-४, २-३ आणि २-४. यांतील १-३ या झाडाच्या कुक्षीवर त्याच्याच २-४ या भावंडाचा पराग पडला तर काय होईल? दोन्ही प्रकारचे परागकण सुखरूप आत जातील, कारण काहीच जुळत नाही. १-४ किंवा २-३ या भावंडाचा पराग पडला तर त्यातला अर्धा जाईल, अर्धा अडेल. पूर्ण अडेल तो फक्त १-३ या जुळणाऱ्या भावंडाचा. आईचाच पराग या मुलावर पडला तरी त्यातील एस-२ वाहणारा अर्धा भाग निर्वेध पुढे जाईल. उलट, डोंगराच्या पलीकडे वाढलेले, ज्याचा या कुळाशी काडीचा संबंध नाही असे एखादे झाड योगायोगाने १-३ असेल, तर त्याचा एकही कण येथे चालणार नाही.

म्हणजे फुलाचा नियम नाते पाहत नाही. तो स्वतःचा पराग पूर्णपणे अडवतो, आणि एवढ्यानेच अंतर्गत संकराचे प्रमाण पुष्कळ घटते हे खरे. पण भाऊ-बहीण, आई-मूल, परका-आपला या कोटी त्याला ठाऊक नाहीत. त्याला ठाऊक आहे ती एक खूण.

गंमत अशी की या एका बाबतीत गोत्राशी साम्य खरोखर आहे, आणि ते नेमके दाव्याच्या विरुद्ध जाते. गोत्र हीदेखील खूणच आहे. ते बापाकडून येते, आईच्या रक्ताची त्यात नोंद नसते. म्हणूनच महाराष्ट्रातील अनेक समाजांत मामाची मुलगी करून घेण्याची चाल राहिली. गोत्र किंवा देवक वेगळे, मग रक्त कितीही जवळचे असो. इरावती कर्वे यांनी भारतातील आप्तसंबंधांच्या रचनेवरील आपल्या १९५३ सालच्या ग्रंथात अशा चालींचे प्रांताप्रांतांतील भेद तपशिलाने नोंदवले आहेत. गोत्राच्या नियमाला आनुवंशिकतेचे ज्ञान म्हणणाऱ्याने आधी मामेबहिणीचे उत्तर द्यावे आणि मग फुलातल्या भावंडांचे. दोन्हीकडे ‘जवळचे रक्त टाळणे’ हा साधारणधर्म टिकत नाही, आणि उपमेचा सारा डोलारा तर त्यावरच उभा आहे.

येथपर्यंतची माहिती शंभर वर्षे जुनी आहे. गेल्या चार दशकांत रेणवीय जनुकशास्त्राने या नकाराच्या आत डोकावून पाहिले, तेव्हा साहित्याच्या अभ्यासकाला आणखी विचार करायला लावणारी गोष्ट पुढे आली. नकार एकच दिसतो. पण निरनिराळ्या कुलांत त्याचे व्याकरण निरनिराळे आहे.

कोबी-मोहरीचे कुल घ्या. कुक्षीच्या पृष्ठभागावरील पेशींच्या पटलात एक ग्राही प्रथिन असते. १९९१ साली ते ओळखले गेले आणि त्याला एसआरके असे नाव मिळाले. त्याचा जोडीदार परागाच्या आवरणात सापडला, १९९९ साली. एससीआर नावाचे हे चिमुकले प्रथिन. दोन्ही एकाच ‘एस’ रूपाची असली तर कुलपात किल्ली बसावी तशी ती एकमेकांत बसतात. २००१ साली हे थेट दाखवले गेले. किल्ली बसली की पेशीत संदेश जातो आणि कुक्षी परागाला पाणी देत नाही. परागकण पृष्ठभागावर कोरडाच राहतो, बहुधा रुजतही नाही. येथे ‘स्व’ ओळखला जातो, आणि ओळखला गेला म्हणून नाकारला जातो. आणखी एक बारकावा असा की एससीआर हे प्रथिन पुरवण्यात परागकोशाचा, म्हणजे पितृवृक्षाच्या ऊतींचा, वाटा असतो. त्यामुळे कणाची परीक्षा होते ती बापाने चढवलेल्या अंगरख्यावरून. कणात प्रत्यक्ष कोणते रूप आहे यावरून नाही. बियाणे तयार करणाऱ्यांनी कोबीवर्गातील या नकाराचा दीर्घकाळ उपयोग करून घेतला. दोन वाण शेजारी लावले की प्रत्येक वाण स्वतःला नाकारतो, आणि मिळते ते सारे संकरित बी. मूळ वाण टिकवायचा असेल तेव्हा न उमललेल्या कळीत हाताने पराग घालतात, कारण कळीच्या अवस्थेत नकाराची यंत्रणा अजून सिद्ध झालेली नसते.

आता पेट्युनिया आणि तंबाखू. येथे कुक्षीवृंतात एस-आरएनेज नावाचे विकर असते. त्याचे जनुक १९८६ साली हाती आले, ते आर. एन. ए. तोडणारे विकर आहे हे १९८९ साली कळले, आणि नकाराचे काम तेच करते हे १९९४ साली सिद्ध झाले. वाढणाऱ्या परागनलिकेसाठी ते विषच. परंतु हे विष आपला आणि परका असा भेद करत नाही. ते दोन्हींच्या नलिकांत शिरते. उतारा असतो परागाकडे. २००४ साली परागाच्या बाजूचे एसएलएफ हे प्रथिन पेट्युनियात निश्चित झाले, आणि २०१० साली जपानमधील संशोधकांच्या पुढाकाराने झालेल्या कामातून कळले की प्रत्येक परागाजवळ असे एक प्रथिन नसून त्यांचा संचच असतो. त्यांतील प्रत्येक प्रथिन काही परक्या विषांना ओळखून त्यांची विल्हेवाट लावायला धाडते. या संचात फक्त एका विषाचा उतारा नसतो: स्वतःच्या. म्हणजे येथे ओळखले जाते ते परक्याला. ‘स्व’ मरतो तो ओळखला गेला म्हणून नव्हे, ओळखणारे कोणी नव्हते म्हणून.

आणि तिसरे उदाहरण शेताच्या बांधावरच्या लाल पॉपीचे. तिच्या कुक्षीतून एक लहान प्रथिन पाझरते, परागनलिकेवरील जुळणाऱ्या प्रथिनाशी त्याची गाठ पडते, नलिकेत कॅल्शियमचा लोंढा शिरतो, तिचा अंतर्गत सांगाडा कोसळतो, आणि शेवटी नलिका स्वतःच्याच मृत्यूचा ठरलेला क्रम सुरू करते. येथे पाणी तोडलेले नाही की विष घातलेले नाही. नाकारला गेलेला आपणच आपल्याला संपवतो.

तीन कुले, तीन मार्ग, आणि बाहेरून पाहणाऱ्याला दिसणारे फलित एकच: बी धरले नाही. फलितावरून हेतू सांगणाऱ्या समीक्षेला यात बरेच शिकण्यासारखे आहे. ‘फूल स्वतःला ओळखते’ हे वाक्य कोबीबद्दल बऱ्याच अंशी चालेल, पेट्युनियाबद्दल उलटे पडेल. मग ‘निसर्ग स्वकीयाला वर्ज्य मानतो’ हे सर्वनाम-क्रियापदांचे ठाशीव वाक्य नेमके कोणत्या निसर्गाबद्दल आहे?

आणखी एक मुद्दा, जो मला सर्वांत महत्त्वाचा वाटतो. एस-१ किंवा एस-२ यांना स्वतःचा असा काही गुण नाही. एस-१ मुळे फूल अधिक सुगंधी होत नाही, की रोप अधिक उंच होत नाही. त्याचे मूल्य एवढेच की ते एस-२ नाही, एस-३ नाही. भाषेतील ध्वनींविषयी सोस्यूरने जे शिकवले त्याची येथे आठवण यावी. शिवाय या व्यवस्थेत दुर्मिळ रूपाचा नेहमी फायदा होतो. कारण ज्याची खूण विरळा, त्याला दारे अधिक उघडी. सिवॉल राइटने १९३९ साली याचे गणित मांडले. जे रूप कमी आहे ते वाढते, जे फार झाले ते मागे पडते, आणि त्यामुळे विविधता पिढ्यान् पिढ्या टिकून राहते. किती टिकते? १९९० साली पेट्युनिया-तंबाखूच्या कुलातील ‘एस’ जनुकांची तुलना झाली, तेव्हा एका जातीतले एखादे रूप त्याच जातीतल्या दुसऱ्या रूपापेक्षा भलत्याच जातीतल्या रूपाला अधिक जवळचे निघाले. हे भेद या जातींच्याही आधीचे आहेत. जाती वेगळ्या झाल्या तेव्हा प्रत्येकीने जुन्या भेदांचा वाटा बरोबर नेला. बीजशुद्धीची कल्पना घेऊन फुलाकडे येणाऱ्याला फुलात सापडते ते असे, कुंपणे ओलांडून गेलेले नाते.

येथे ‘जाती’ हा शब्द मी वापरला आणि तो वापरताना मराठी माणसाला थोडे थांबावेच लागते. मराठी विज्ञानलेखनात, अगदी विश्वकोशातही, प्रजातीखालच्या गटाला ‘जाती’ म्हणतात. आंब्याची जात, गुलाबाची जात आपण बोलतो, आणि माणसाची जात विचारतो, शब्द एकच. गोत्राची उपमा पुढे सरकते ती या शब्दावरून. ‘फूल सगोत्र पराग नाकारते’ हे पहिले पाऊल. ‘फूल परजातीचा परागही नाकारते’ हे दुसरे. दोन्ही मिळून गोत्राबाहेर पण जातीच्या आत विवाह हा नियम निसर्गाच्या सहीशिक्क्यानिशी तयार होतो.

या दोन पावलांमधली फट कोणी दाखवली असेल तर ती डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी. १९१६ साली कोलंबिया विद्यापीठात वाचलेल्या भारतातील जातींविषयीच्या निबंधात त्यांनी दाखवले की गोत्राबाहेर विवाह हा येथील समाजाचा जुना नियम होता, आणि त्यावर जातीअंतर्गत विवाहाचे बंधन लादले गेले तेव्हा जात जन्माला आली. त्यांच्या विवेचनात हे बंधन निसर्गातून उगवत नाही. माणसे ते घडवतात, आणि ते टिकवण्यासाठी सती, सक्तीचे वैधव्य आणि बालविवाह यांची किंमत बायकांकडून वसूल होते. १९३६ सालच्या जातिनिर्मूलनावरील भाषणात तर जातीला आनुवंशिकतेचा आधार देऊ पाहणाऱ्यांचा त्यांनी थेट समाचार घेतला. माणसांच्या जाती या जीवशास्त्रातल्या जाती नाहीत. सारी माणसे एकाच जातीची आहेत. शब्द एक आहे म्हणून पदार्थ एक होत नाही, हे सांगायला आपण भाषेचे अध्यापक नाही तर कोण?

सगोत्र विवाहावरील कायदेशीर बंदी १९४६ च्या कायद्याने उठली, याला आता पाऊण शतकाहून अधिक काळ लोटला. कायद्याने जे सोडले ते आता उपमेच्या वाटेने परत येऊ पाहते, म्हणून ही उपमा निरुपद्रवी म्हणून सोडून देता येत नाही.

याच न्यायाने आपल्या बाजूची उपमाही तपासली पाहिजे. ‘संकर हाच निसर्गाचा नियम, म्हणून जातिबंधने मोडा’ असे म्हणणारे मित्र मला प्रिय आहेत; पण त्यांचा युक्तिवाद तितकाच लंगडा आहे. वाटाणा स्वपरागणाने बी धरतो, भात, गहू आणि आपल्या शेतातला टोमॅटोही मुख्यतः तेच करतो. प्रयोगशाळेतले लाडके रोप अरॅबिडॉप्सिस हे कोबीच्याच कुलातले. त्याने जुना नकार कधीच टाकून दिला आणि ते जगभर पसरले. २००२ साली त्याच्या एका स्व-विसंगत नातलगाची एसआरके आणि एससीआर ही जनुके त्यात घातली, तेव्हा ते पुन्हा स्वतःला नाकारू लागले. २०१० साली असे दिसले की युरोपातील अनेक रोपांत एससीआर जनुकाचा एक तुकडा उलटा फिरला आहे. तो सुलटा करून घातला की नकार परत येतो. त्याच वर्षी पेट्युनिया-टोमॅटोच्या कुलाचा उत्क्रांतिवृक्ष तपासणाऱ्यांना असेही आढळले की नकार टिकवणाऱ्या शाखा दीर्घकाळात अधिक बहरतात, तो टाकणाऱ्या शाखा अधिक वेळा नामशेष होतात. एकीकडे एकट्याने तगून जाण्याची सोय, दुसरीकडे दूरच्या भविष्याची हमी. निसर्गात दोन्ही चालू आहे. यातून माणसाने कोणाशी लग्न करावे हे काढू पाहणारा, मग तो सनातनी असो की सुधारक, फुलाकडे नसलेली गोष्ट मागतो आहे.

पूर्वमीमांसेने विधी आणि अर्थवाद असा एक भेद केला होता. विधी म्हणजे ‘असे करावे’. अर्थवाद म्हणजे वर्णन, स्तुती, दाखला. दाखल्याला आज्ञेचे बळ स्वतःहून नसते. विज्ञान आपल्याला फुलाविषयी जे सांगते ते सारे वर्णन आहे. त्यात विधी नाही. समतेचा आग्रह धरायचा तर तो माणसाच्या प्रतिष्ठेच्या आधारावर धरावा लागेल. परागाच्या साक्षीची त्याला गरज नाही, आणि ती साक्ष उलटल्यास तो कोसळण्याचेही कारण नाही.

मग साहित्याने निसर्गाकडे पाहूच नये काय? तसे मी म्हणत नाही. बीज, माती, कलम, मुळे ही आपल्या समीक्षेची, विशेषतः देशीवादाच्या चर्चेची, नित्याची भाषा आहे, आणि ती भाषा टाकून द्यावी असे मला वाटत नाही. एवढेच वाटते की पुढच्या वेळी वर्गात एखादा विद्यार्थी ‘निसर्गातही असेच असते’ असे लिहून आणील, तेव्हा त्याच्या शुद्धलेखनाआधी आपण त्याला एक प्रश्न विचारावा: यातला साधारणधर्म कोणता, तो लिहून दाखव. त्याला तो लिहिता आला तर उत्तम. आला नाही तर त्याला घेऊन वनस्पतिशास्त्र विभागाच्या जिन्याकडे वळावे. बहुतेक महाविद्यालयांत तो आपल्या विभागापासून फार दूर नसतो.